डोंगर आज बाहेर आहे

सिअ‍ॅटलला राहायला येऊन मला नऊ वर्षे झाली आणि या नऊ वर्षांत मी रेनिअर पर्वताची, फोनच्या हिशेबाप्रमाणे, सहाशे बारा छायाचित्रे काढली. त्यांपैकी सुमारे दीडशे छायाचित्रांत डोंगर आहे. उरलेल्या छायाचित्रांतही तो आहे हे मला ठाऊक आहे, कारण मी तिथे उभा होतो. इतरांना मात्र त्यांत विजेच्या तारा, कोणाच्या तरी गाडीचे टप आणि पुष्कळसे आकाश एवढेच दिसते.

या शहरात माणसे भेटली की हवापाण्याआधी डोंगराची खबरबात सांगतात. ‘द माउंटन इज आउट’, म्हणजे डोंगर आज बाहेर आहे, असे आमच्या शेजारच्या आजींनी पहिल्यांदा कुंपणापलीकडून ओरडून सांगितले, तेव्हा त्यांच्या घरातले कोणी तरी इस्पितळातून सुटून आले असावे असे वाटून मी त्यांचे अभिनंदन केले होते. १४,४१० फूट उंचीचा, बारा महिने हिमनद्या अंगावर वागवणारा ज्वालामुखी आत-बाहेर करतो ही कल्पना अंगवळणी पडायला वेळ लागला. ऑक्टोबरात तो जी ढगांची गोधडी डोक्यावरून ओढून घेतो, ती मे महिन्यापर्यंत लहर लागली तरच किंचित सरकवतो. पुढे उन्हाळ्यात आकाश मोकळे होते आणि आता महाशय रोज दर्शन देतील अशी आशा वाटू लागते, तोच एखाद्या वर्षी ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर येऊन थडकतो.

त्याला रेनिअर हे नाव १७९२ साली जॉर्ज व्हँकुव्हर नावाच्या इंग्रज कप्तानाने आपल्या पीटर रेनिअर नावाच्या मित्रासाठी दिले. येथील मूळ रहिवाशांकडे डोंगराचे स्वतःचे नाव होते, ज्यावरून आजही पुष्कळ जण त्याला ‘टहोमा’ म्हणतात, पण नाव देणाऱ्यांनी ते कोणाला विचारले नाही. या रेनिअरसाहेबांनी पुढे १७९४ पासून १८०५ पर्यंत आपल्याकडच्या समुद्रावरील ब्रिटिश आरमाराचे प्रमुखपद सांभाळले, परंतु स्वतःच्या नावाचा डोंगर त्यांनी जन्मात कधी पाहिला नाही. माझ्या साताऱ्याच्या नातेवाइकांची स्थिती अगदी हीच असल्यामुळे मला या गृहस्थांविषयी आपुलकी वाटते.

साताऱ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. खिडकी उघडली की किल्ला दिसतो, बंद केली की दिसत नाही, एवढा सरळ व्यवहार आहे. त्यामुळे शहरावर डोंगर असणे म्हणजे काय, याबद्दल माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, कल्पना पक्क्या आहेत. इकडे आल्यावर पाचव्या महिन्यात मला डोंगर पहिल्यांदा दिसला तेव्हा मी रस्त्यातच थांबलो. घरांच्या वर, ज्या उंचीवर एरवी फक्त ढग असायला हवेत, तिथे एक पांढराशुभ्र अवाढव्य आकार काहीही न बोलता उभा होता. मी थरथरत्या हाताने छायाचित्र काढले आणि घरच्या गटावर पाठवले.

आबांचा निरोप आला, “डोंगर कुठाय?”

मी लाल वर्तुळ काढून छायाचित्र पुन्हा पाठवले. थोड्या वेळाने उत्तर आले, “हा होय? मला वाटलं, कुणीतरी छपरावर ताडपत्री टाकलीय.” त्याखाली आत्याने लिहिले होते, “छान आहे. जेवलास का?”

आपल्याला जे दिसले ते छायाचित्रात का उतरत नाही, याचा शोध मी त्या रात्रीपासून घेऊ लागलो. उगवत्या पौर्णिमेच्या चंद्राचे छायाचित्र काढायला जाऊन ज्याने घरी साबुदाण्याचा दाणा आणला आहे, त्याला हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. डोंगर शहरापासून जवळपास ९५ किलोमीटर दूर आहे, म्हणजे साताऱ्याहून पुणे जेवढे लांब त्याहून थोडासाच अलीकडे. हात पुढे लांब करून अंगठा आडवा धरला, तर अंगठ्याच्या जाडीमागे क्षितिजापासून शिखरापर्यंतची सगळी उंची जवळजवळ झाकली जाते. मी हा प्रयोग भर चौकात करून पाहिला आहे आणि समोरून येणाऱ्या मोटारवाल्याने, मी त्यालाच खूण करतो आहे असे समजून, मलाही उलट अंगठा दाखवला आहे. डोळ्यामागे बसलेला मेंदू या अंगठ्याएवढ्या वस्तूला घरे, झाडे आणि सरोवर यांच्या पलीकडे ठेवून पाहतो आणि आदराने तिला हवी तेवढी मोठी करतो. फोनच्या भिंगाला आदर नावाची गोष्ट ठाऊक नसते. एका चौकटीत शक्य तेवढे जास्त जग मावावे म्हणूनच ते रुंद बनवलेले असते, आणि ते डोंगरालाही गटाराच्या झाकणाला देईल तेवढीच जागा देते. त्यात मधल्या ९५ किलोमीटरच्या हवेचा निळसर पडदा पडतो आणि फिक्या आकाशावर फिका बर्फ असा, पांढऱ्या धोतरावर सांडलेल्या दुधासारखा, परिणाम साधला जातो.

मग पोस्टकार्डावर तो स्पेस नीडलच्या, म्हणजे शहरातल्या सुईसारख्या उंच मनोऱ्याच्या, मागे एवढा प्रचंड कसा दिसतो, असे मी एका जाणकाराला विचारले. त्याने मला केरी पार्कला जायला सांगितले. क्वीन अ‍ॅन टेकडीवरचा हा जागेचा लहानसा तुकडा केरी नावाच्या दांपत्याने १९२७ साली शहराला दिला, तेव्हा समोर १८४ मीटर उंचीची ती सुई नव्हती. ती १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभी राहिली. युक्ती अशी की सुईपासून भरपूर मागे सरकायचे, म्हणजे सुई लहान होते. डोंगर आधीच इतका लांब असतो की आपल्या मैलभर मागे जाण्याचा त्याला पत्ताही लागत नाही. मग लांब पल्ल्याच्या भिंगातून दोघांना एकत्र ओढून आणायचे. तिथे संध्याकाळी जावे लागते, कारण डोंगर शहराच्या आग्नेयेला आहे आणि मावळतीचे ऊन तोंडावर पडले की बर्फ गुलाबी होतो.

मी गेलो तेव्हा कठड्याला तिपायांची रांग लागलेली होती. दुधाच्या किटलीएवढी भिंगे लावलेली ती माणसे दुपारपासून जागा धरून बसली असावीत, कारण एकाने शेजारी डबाही उघडून ठेवला होता. माझा फोन पाहून त्यांनी मला ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत चमचा मागणाऱ्याकडे पाहतात. मागच्या बाजूने मला डोंगराचा डावा खांदा तेवढा दिसत होता. तेवढ्यात एका जोडप्याने आपले छायाचित्र काढून देण्याची विनंती केली, मग दुसऱ्याने केली, मग हैदराबादहून आलेल्या नऊ जणांच्या कुटुंबाने आधी सगळ्यांचे, नंतर फक्त सुनांचे आणि शेवटी फक्त आजोबांचे असे तीन वेळा काढायला लावले. त्या संध्याकाळी माझ्या हातून रेनिअरची उत्तम छायाचित्रे निघाली, परंतु ती सर्व इतरांच्या फोनमध्ये आहेत. माझी पाळी आली तेव्हा गुलाबी रंग ओसरून डोंगर राखेसारखा झाला होता आणि किटलीवाले आपापली झाकणे लावत होते.

एकदा तर कमालच झाली. संध्याकाळी कार्यालयाच्या खिडकीतून तो लखलखीत दिसला, मी जिना चढून धावत गच्चीवर गेलो, सात छायाचित्रे काढली आणि सर्वांना पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी काहीच नव्हते, कारण आदल्या दिवशी होता तो ढग होता. याची मला फारशी लाज वाटत नाही. या डोंगराच्या माथ्यावर कधी कधी बशीच्या आकाराचे ढग बसतात, आणि १९४७ च्या जूनमध्ये त्याच्याजवळून विमान चालवत जाणाऱ्या केनेथ आर्नल्डने नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्याचे सांगितल्यापासूनच जगात ‘उडत्या तबकड्या’ हा शब्द रूढ झाला. मी निदान ढगाला डोंगरच समजलो.

जवळ जाऊन काढावे म्हणून एका शनिवारी आम्ही राष्ट्रीय उद्यानातल्या पॅरडाइजला गेलो. तिथले वाहनतळ ५,४०० फुटांवर आहे, म्हणजे आपण गाडी लावतो तीच कळसूबाईच्या माथ्याच्या उंचीवर, आणि तिथून डोंगर आणखी नऊ हजार फूट वर उरलेला असतो. परंतु इतक्या जवळून त्याचा डोंगरपणाच हरवतो. चौकटीत नुसता बर्फ आणि खडक भरला. आबांनी लिहिले, “हे फ्रीजच्या आतलं दिसतंय.”

शेवटी आबाच तीन आठवड्यांसाठी आले. मार्चचा महिना होता; तिकीट स्वस्त मिळाले होते. रोज सकाळी ते शाल पांघरून सज्जात जात आणि दूधवाल्याची चौकशी करावी तसे विचारत, “आला का?” मी त्यांना तो कोणत्या दिशेला असतो ते बोटाने दाखवत असे, आणि ते करड्या ढगांच्या भिंतीकडे शांतपणे पाहून म्हणत, “असेल, असेल.” घराचा हप्ता वेळेवर भरतो असे मी सांगितल्यावरही ते याच सुरात ‘असेल’ म्हणाले होते. विसाव्या दिवशी त्यांनी जेवताना विचारले, “तुझी नोकरी नक्की आहे ना रे?”

एकविसाव्या दिवशी दुपारी मी त्यांना विमानतळावर सोडायला निघालो. महामार्गावर दक्षिणेकडे वळण घेतले आणि समोर, संपूर्ण काचभर, रेनिअर उभा होता, ज्याच्या अंगावर ढगाची चिंधीसुद्धा नव्हती. माझे दोन्ही हात चाकावर, पुढे मालमोटार, मागे मालमोटार आणि फोन मागच्या सीटवरच्या कोटात होता. मी ओरडलो, “आबा, फोटो! तुम्ही काढा!” आबांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, फोन छातीशी धरला आणि पुढच्या वळणाआड डोंगर जाईपर्यंत जवळजवळ अर्धा मिनिट ते काहीच बोलले नाहीत.

“केवढा आहे रे,” एवढेच ते म्हणाले.

ते विमानात बसल्यावर गटावर त्यांचे छायाचित्र आले. त्यात गाडीचा आरसा आहे, आरशाला लटकवलेला गणपती आहे, पुढच्या मालमोटारीचा नंबरही स्पष्ट वाचता येतो, आणि उजव्या बाजूला, जिथे डोंगर असायला हवा नेमके तिथे, आबांचा अंगठा आला आहे. खाली त्यांनी लिहिले होते, “अंगठ्यामागे डोंगर आहे. खरोखरच खूप मोठा आहे.”

अकरा जणांनी हात जोडले. आत्याने लिहिले, “आता दिसला बाई नीट.”