न्यायाधीश नुसत्या सह्या करतात?

‘अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात निकाल देतात ते पंचविशीतले लॉ क्लार्क. न्यायाधीश नुसत्या सह्या करतात, पहिल्यापासून हेच चाललंय. २०२२ चा गर्भपाताचा मसुदाही क्लार्कनेच फोडला.’ हा फॉरवर्ड बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. (लॉ क्लार्क म्हणजे आपल्याकडचा कारकून नव्हे, तर कायद्याचं शिक्षण घेऊन न्यायाधीशांच्या हाताखाली काम करणारा तरुण मदतनीस.) त्यात तथ्य आहे, पण थोडं, आणि तेही भलत्याच जागी.

‘पहिल्यापासून’ हे साफ चूक. कोर्टाचं कामकाज सुरू झालं १७९० मध्ये. न्या. होरेस ग्रे यांनी पहिला क्लार्क ठेवला १८८२ मध्ये, तोही पदरचे पैसे देऊन. हार्वर्डमध्ये शिकवणारे त्यांचे सावत्र भाऊ हुशार पोरं हेरून पाठवायचे. सरकारी तरतूद झाली १८८६ मध्ये : वर्षाला १६०० डॉलर, आणि तीही लघुलेखनाच्या कामासाठी. म्हणजे कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा १८५७ चा ड्रेड स्कॉटचा कुप्रसिद्ध निकाल न्यायाधीशांनी स्वतःच्याच अकलेने दिला होता!

आता ‘निकाल क्लार्क देतात’. मतदान होतं बंद खोलीत. आत न्यायाधीशांशिवाय कुणीच नसतं. दार वाजलं तर सर्वांत कनिष्ठ न्यायाधीश उठून उघडतो. कच्चा मसुदा बहुतेकदा क्लार्क लिहितात, हे उघड गुपित आहे. पण मत आधी पडतं, मसुदा नंतर होतो, आणि बहुमताचा निकाल म्हणून तो टिकायला नऊपैकी सहसा पाच न्यायाधीश राजी असावे लागतात. न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स तर पहिला मसुदाही स्वतःच लिहायचे.

गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणाऱ्या निकालाचा मसुदा २०२२ मध्ये निकालाआधीच बाहेर आला. तो कुणी फोडला? कोर्टाच्या चौकशीचा अहवाल जानेवारी २०२३ मध्ये आला, त्यात कुणाचंही नाव निश्चित झालं नाही. १९१९ मध्ये एका क्लार्कला निकाल आधीच फोडल्याच्या आरोपावरून पद सोडावं लागलं होतं, पण त्यावरून आजच्यांना दोषी कसं धरणार?

क्लार्कांचं खरं वजन आहे ते दाराशी. आमचं प्रकरण ऐका, असे दरवर्षी हजारो अर्ज येतात, सुनावणी होते साठ-सत्तर प्रकरणांची. १९७२ मध्ये न्या. पॉवेल यांच्या सूचनेवरून ‘सर्ट पूल’, म्हणजे या अर्जांची सामायिक छाननी, सुरू झाला : एका अर्जावर एकच क्लार्क टिपण लिहितो आणि पूलमधले सगळे न्यायाधीश तेच वाचतात. न्या. अलिटो आणि न्या. गॉर्सच यांनी त्याबाहेर राहणं पसंत केलं, ते उगाच नाही. १९५७ मध्ये विल्यम रेन्क्विस्ट या माजी क्लार्कने लिहिलं होतं, की निकालांवर क्लार्कांचा पगडा असतो ही भीती फोल आहे, पण अर्जांवरच्या टिपणांत त्यांचा कल उतरू शकतो. पुढे तेच रेन्क्विस्ट न्यायाधीश झाले आणि पूल निघाल्यावर त्यात सामीलही झाले.