वॉरक्राफ्टमधली जन्मगावं

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममध्ये सगळ्यात भारी स्टार्टिंग झोन (निवडलेल्या रेसचं, म्हणजे जमातीचं, कॅरेक्टर जिथून खेळ सुरू करतं तो प्रदेश) कुठला, हा वाद आमच्या ग्रुपवर अधूनमधून पेटतो आणि दर वेळी वॉर्गनांचं, म्हणजे लांडगा-माणसांचं, गिल्नियस जिंकतं. मला हे मुळीच मान्य नाही. कमेंटमध्ये मावत नाही, म्हणून इथे लिहितोय.

गिल्नियस देखणं आहे, प्रश्नच नाही. धुकं, पाऊस, दगडी गल्ल्या, उंच टोप्यांतली माणसं, आणि खेळता खेळता आपणच वॉर्गन होऊन बसतो. २०१० साली 'कॅटाक्लिझम' या विस्तार-आवृत्तीत ते आलं तेव्हा मीही हरखलो होतो. पण दुसरा वॉर्गन बनवून बघा. तेच प्रसंग, त्याच क्रमानं. यात्रा कंपनीच्या बसमधून काश्मीर बघावं तसं: सगळं दिसतं, उतरून भटकायला मात्र वेळ नाही. गॉब्लिनांच्या केझानचंही तेच. मोटार उडवत मित्रांना गोळा करायची धमाल एकदाच येते.

आता २००४ चं तिरिस्फल ग्लेड्स घ्या. अनडेड, म्हणजे जिवंत झालेलं प्रेत, म्हणून तुम्ही थडग्यातून उठता, पायऱ्या चढून डेथनेल गावात येता, आणि पुढे थोड्याच वेळात समोर उभे राहतात स्कार्लेट क्रूसेडचे लोक. म्हणजे जिवंत माणसं! त्यांच्या लेखी राक्षस तुम्ही. हे सांगायला ना सिनेमा लागतो ना भाषण. तिकडे एल्विनमध्ये माणूस म्हणून सुरुवात करा: कोबोल्ड मारा, डिफियासचे गुंड मारा, मग हॉगर नावाच्या दांडग्या शत्रूच्या हातून मरा. मजा भरपूर, पण त्या जगात माणूस असणं म्हणजे काय, ते काही कळत नाही.

माझा पहिला नंबर मात्र जुन्या मलगोरला. टॉरेनांच्या, म्हणजे बैलासारख्या दिसणाऱ्या जमातीच्या, त्या माळरानावर एक क्वेस्ट (कामगिरी) होती, 'राइट ऑफ व्हिजन'. शेकोटीपाशी मंतरलेलं पाणी प्यायचं, एक लांडग्याचा आत्मा प्रकट होतो, आणि त्याच्या मागे मुकाट चालत गुहेपर्यंत जायचं. मारामारी नाही, बक्षिसाची घाई नाही. टॉरेन कसे आहेत ते त्या चालण्यातच समजतं. २००७ च्या, ब्लड एल्फांच्या इव्हरसाँगमध्येही जमीनच बोलते: सोनेरी झाडीच्या मधोमध काळी पडलेली 'डेड स्कार', खलनायक आर्थसची फौज जिथून गेली ती वाट.

नाइट एल्फांचं टेल्ड्रासिल सुंदर, पण तेव्हा माणसाची रेस घेतलेल्या मित्राला भेटायचं तर दोन बोटी बदलून वेटलँड्सच्या क्रोकोलिस्कांमधून (मगरीसारख्या प्राण्यांमधून) जीव मुठीत धरून पळायचं. नोम आणि ट्रोलांना तर सुरुवातीला स्वतःची जागाच नव्हती. नोमांचं मी समजू शकतो, त्यांचं शहर गेलेलं, ड्वार्फांच्या आश्रयाला आलेले. ट्रोलांना ऑर्कांच्या दरीत कोंबणं हा मला निव्वळ कंजूषपणा वाटतो.

आणि २०२० पासून? नवा खेळाडू कुठलीही रेस घेवो, पहिलं कॅरेक्टर उतरतं ते एक्झाइल्स रीच बेटावर. शिकवणी म्हणून उत्तम आहे. लेव्हल १० पर्यंत बटणं कळतात, छोटं डन्जनही (गटानं लढायची मोहीम) होतं. पण टॉरेन आणि अनडेड एकाच किनाऱ्यावर, तीच कामं करतायत, मग रेस निवडताना एवढा विचार करायचा कशाला?

नव्यांनी ते बेट उरकून दुसरं कॅरेक्टर थेट तिरिस्फलमध्ये काढावं. जुनं मलगोर हवं असेल तर खेळाची जुनी आवृत्ती 'क्लासिक' आहेच. गिल्नियसवाल्यांनी खाली कमेंटमध्ये यावं, मी जागा आहे.