‘छान झाला हं तास!’ हा अभिप्राय नव्हे

सहकाऱ्याचा तास मागच्या बाकावर बसून बघायचा आणि बाहेर पडताना ‘छान झाला हं!’ म्हणायचं, हा झाला शिष्टाचार. त्यातून शिकवणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

तासाआधी दहा मिनिटं बोलून घ्या. काय बघायचं ते शिकवणाऱ्यानंच सांगायचं, आणि एकच गोष्ट. ‘सगळंच बघ’ म्हटलं की फळ्यावरच्या अक्षरापासून आवाजापर्यंत पंधरा सूचना येतात आणि एकही अमलात येत नाही.

समजा ठरलं, ‘प्रश्न विचारल्यावर मी किती थांबते ते बघ.’ अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात असं आढळलं. ३ सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणं कमी झालं. म्हणून मागे बसणाऱ्यानं प्रश्न शब्दशः टिपायचा आणि पुढे सेकंद: ‘१०:४२. छेद समान का करायचा? १ सेकंद. उत्तर स्वतःच दिलं.’ ‘घाई झाली’ असं लिहायचं नाही; तो निष्कर्ष झाला, आणि तो काढणं शिकवणाऱ्याचं काम. सोबत बाकांचा नकाशा काढून, ज्याला प्रश्न गेला त्याच्या जागी एक रेघ. सगळ्या रेघा पहिल्या दोन रांगांत दाटल्या असतील तर वेगळं काही सांगावं लागत नाही.

चर्चा त्याच दिवशी, वीस मिनिटं. आधी शिकवणाऱ्यानं बोलायचं. शेवटी एकच बदल आणि पुन्हा कधी बघायचं ती तारीख. दुसरी फेरी नसेल तर पहिली वाया गेली समजा.

विषय वेगळा असला तरी यात अडत नाही, उलट बघणारा आशयात गुंतत नाही. मुलांच्या चुकीच्या संकल्पना हेरायच्या असतील तर मात्र त्याच विषयाचा माणूस हवा.

अभिप्राय नेहमी भलंच करतो असंही नाही. अभिप्रायावरच्या अनेक अभ्यासांचा क्लूगर आणि डिनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये आढावा घेतला, त्यात एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरलेली दिसते. लक्ष कामावरून माणसावर गेलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. हे टिपण मुख्याध्यापकांच्या फाइलमध्ये गेलं तर तेच होणार: पुढच्या वेळी पाठ केलेला तास बघायला मिळेल. कागद शिकवणाऱ्याकडेच राहू द्या.

आणि ऑफ तास खर्चून कुणी फार दिवस दुसऱ्याच्या वर्गात बसत नाही. महिन्याचे दोन तास वेळापत्रकातच राखून ठेवा, आणि बदली तास लावताना त्यांना हात लावू नका.