युरोपाला जाताय? मग एवढं कराच

मंगळ आता फारच कॉमन झालाय, जो उठतो तो मंगळावर जायच्या गोष्टी करतो, तेव्हा तुम्ही सरळ गुरूचा चंद्र युरोपा पकडा. वर बर्फ, खाली समुद्र, आणि श्वास घेण्याजोगी हवाच नाही म्हणजे प्रदूषणाचा प्रश्न मिटला.

कपड्यांचं टेन्शन घेऊ नका. विषुववृत्ताजवळ उणे १६०, ध्रुवांकडे उणे २२० च्या आसपास, मनालीला घेतलेलं जर्किन आणि माकडटोपी चालून जाईल कारण थंडीने मरायला तुम्हाला वेळच मिळणार नाहीये. गुरूचं चुंबकीय क्षेत्र जे कण गरागरा फिरवत असतं त्यांचा मारा तिथे दिवसाला साधारण ५.४ सिव्हर्ट (किरणोत्सर्ग मोजायचं एकक), छातीच्या एक्सरेत मोजलं तर पन्नास हजारांच्या वर, एका दिवसात. नासाने १४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपा क्लिपर सोडलं ना, ते तर यंत्र, पण तेही तिथे मुक्काम टाकत नाही, एप्रिल २०३० मध्ये पोचून गुरूभोवती लांबलांब चकरा मारणार आणि युरोपाजवळून ४९ वेळा नुसतं सटकून जाणार, तेही मुख्य इलेक्ट्रॉनिक्स जाड धातूच्या तिजोरीत कोंडून. तुम्ही सनस्क्रीन लावा की झालं.

पहिल्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या तर गाडी लागली असं समजू नका, तो किरणोत्सर्ग. आणि हेल्मेटच्या आत पिशवी धरता येत नाही, हे निघण्याआधीच बघून ठेवा.

जीव वाचवायचाच असेल (काही लोकांना हौस असते) तर बर्फात खड्डा खणून डोक्यावर काही मीटर बर्फ घ्या आणि आत बसा. म्हणजे इतकी वर्षं प्रवास करून जायचं, आकाशात आपल्या चंद्राच्या चोवीसपट रुंद गुरू लटकतोय, आणि तुम्ही बेसमेंटमध्ये भिंतीकडे बघत! तरी प्लॉट गुरू-फेसिंगच घ्या, कारण युरोपाची एकच बाजू कायम गुरूकडे असते, तिथे तो उगवत नाही की मावळत नाही, आणि पलीकडच्या बाजूला तो कधी दिसतच नाही. गुरूबळ नाही म्हणून ज्यांची लग्नं अडलीयेत त्यांनी तर तिथेच हॉल बुक करावा.

डाएटवाल्यांसाठी खुशखबर, ७५ किलोचा माणूस तिथल्या काट्यावर जेमतेम १० भरतो. पोट तेवढंच राहतं, पण सोसायटीच्या ग्रुपवर काट्याचा फोटो टाकायला काय हरकत आहे, पोचायला पाऊण तास लागेल आणि अंगठे यायला तेवढाच.

समुद्र बघायचाय? पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी असावं असा अंदाज आहे, फक्त वर १५ ते २५ किलोमीटर बर्फ, आणि उणे १६० ला बर्फ बर्फासारखा नसतो, दगड होतो. रशियात कोला इथे १९७० पासून जवळपास वीस वर्षं खणलं तेव्हा कुठे बारा किलोमीटरच्या थोडं खाली पोचले, भोक वीतभर रुंद, आणि तिथे निदान कामगारांना श्वास घेता येत होता. तुम्ही फावडं न्या, जमेल.

वरचा बर्फ किसून गोळा खायचा मोह होईल. शेजारच्या आयो चंद्राच्या ज्वालामुखींतलं गंधक येऊन पडतं त्यामुळे गुरूभोवती फिरताना जी बाजू मागे राहते तिथे सल्फ्युरिक अ‍ॅसिड आहे, जी पुढे असते तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड, फ्लेवर निवडून घ्या.

सामानात मात्र विरजण अजिबात नको. तिथे काही जिवंत असलंच तर त्याला आपले जंतू लागू नयेत म्हणून नासाने चांगलं चौदा वर्षं उडालेलं गॅलिलिओ यान २००३ मध्ये मुद्दाम गुरूत घालून जाळलं. तुमच्या तर आतड्यातच अब्जावधी जंतू आहेत, चेकिंगला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.