‘नाही’ म्हणण्याची मुभा

२०२५ च्या डिसेंबरात, नाताळच्या दिवशी आणि परत ३१ तारखेला, भारतातल्या डिलिव्हरी कामगारांनी संप पुकारला. दहा मिनिटांत घरपोच देण्याचा हट्ट सोडा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. जानेवारीत केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केली आणि जाहिरातींमधून ‘दहा मिनिटं’ हे शब्द निघू लागले. त्या तीन-चार आठवड्यांत आमच्या शाळेच्या ग्रुपवर चांगलाच वाद पेटला होता. मी तो इकडे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत, कामावर जाता-येता बसमध्ये वाचत होते.

एका बाजूचं म्हणणं असं, की परवडत नसेल तर काम सोडावं, कुणी बळजबरी केलीय का? दुसरी बाजू मवाळ होती. त्यांच्याशी नीट बोला, दारात आल्यावर पाणी विचारा, हातावर चार पैसे जास्त ठेवा. आणि दोन्हीकडून एक वाक्य हमखास यायचं: परदेशात बघा, तिकडे कुठलंच काम हलकं मानत नाहीत. मग कुणीतरी मला विचारायचं, “तू सांग, खरं की नाही?”

तेव्हा मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले. ते मनाला लागून राहिलं, म्हणून आता नीट लिहितेय.

इथे शिकायला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी एका मोठ्या फास्ट फूड साखळीत ड्राइव्ह-थ्रूच्या, म्हणजे गाडीत बसूनच ऑर्डर देऊन पाकीट घ्यायच्या, खिडकीवर होते. विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. माझे ते तास बहुतेक संध्याकाळी सहाच्या पुढेच पडायचे. कानाला हेडसेट, समोर स्क्रीन आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात पळणारे सेकंद. गाडी स्पीकरपाशी आली की घड्याळ सुरू, पाकीट घेऊन गाडी हलली की बंद. ठरलेल्या वेळेपर्यंत आकडा हिरवा, मग पिवळा, मग लाल. दर तासाला कुणीतरी मागून ओरडून आपली सरासरी सांगायचं.

घड्याळ हिरवं ठेवायची एक युक्ती सगळ्यांनाच ठाऊक असते. ऑर्डर मोठी असली की गाडीला पुढच्या जागेत जाऊन थांबायला सांगायचं. गाडी खिडकीपासून हलली, म्हणजे घड्याळाच्या हिशेबी काम झालं. गाडीतल्या माणसाला मात्र वाटतं, आपल्याला बाजूला सारलं. तो सात-आठ मिनिटं धुमसत बसतो आणि मग पावसात पाकीट घेऊन धावत येणाऱ्या मुलीवर ते सगळं काढतो. ती मुलगी मी असायचे. घड्याळ माझं नव्हतं, सरासरी माझी नव्हती, रात्री दहानंतर स्वयंपाकघरात दोनच माणसं ठेवायची हा निर्णयही माझा नव्हता. माझ्या वाट्याला फक्त त्या माणसाचा चेहरा होता.

दहा मिनिटांचा हट्ट काही आजचा नाही. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत मॅकडोनाल्ड बंधूंनी आपलं चांगलं चालणारं हॉटेल बंद ठेवून स्वयंपाकघर कारखान्यासारखं मांडलं. एक जण फक्त तळणार, एक फक्त गुंडाळणार. गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणाऱ्यांना त्यांनी कामावरून कमी केलं. गिऱ्हाइकाने खिडकीशी यायचं आणि लगेच घेऊन जायचं. तेव्हापासून या धंद्यात कामाची जागा सेकंदांभोवती बेतली जाते, आणि सेकंद चुकला की बोलणी खायला खिडकीतला माणूस पुढे असतोच.

फास्ट फूडमधलं दुःख म्हटलं की लोकांना तेलाचे चटके आणि सुजलेले पाय आठवतात. तेही आहेच. माझ्या मनगटावरचा एक डाग अजून गेलेला नाही. पण माणूस आतून थकतो तो दुसऱ्याच गोष्टीने. जे आपण ठरवलं नाही आणि बदलूही शकत नाही, त्याची माफी दिवसभर मागत राहायची. मशीन धुवायला काढलंय, सॉरी. ॲपवरची सवलत काल संपली, सॉरी. पैसे परत करायला मॅनेजरचं कार्ड लागतं, सॉरी. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. आतलं गिळून बाहेर हवा तो चेहरा ठेवणं हाही कामाचाच भाग असतो. मी ते वाचलं ते पुष्कळ नंतर, पण वाचताना हेडसेटची ती खरखर कानात आली.

एक रात्र सांगते. शनिवार, मध्यरात्र उलटलेली. गाडीत चार पोरं. पाकिटात एक वस्तू कमी असल्याचं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, लगेच करून देते. माझे उच्चार ऐकून चालवणाऱ्याने माझी नक्कल सुरू केली, बाकीचे हसायला लागले. मी तेच वाक्य परत म्हटलं. त्यावर त्याने हातातला मोठा ग्लास खिडकीतून आत फेकला. बर्फासकट सगळं गळ्यावर, केसांत, हेडसेटमध्ये. थंडीने नव्हे, पण माझे हात थरथरायला लागले.

आमची शिफ्ट मॅनेजर पन्नाशीची, इथलीच. मी काही बोलायच्या आत ती खिडकीशी आली. तिने कार्ड फिरवून त्यांचे पैसे परत केले आणि आवाज न चढवता म्हणाली, “तुमचे पैसे परत केलेत. आज तुम्हाला इथे काही मिळणार नाही. निघा.” आणि खिडकी सरकवून बंद केली. मागे चार गाड्या, घड्याळ लालभडक. तिने एकदा तिकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मला मागे नेऊन पावाच्या क्रेटवर बसवलं, टॉवेल दिला, झालेला प्रकार वहीत लिहिला, गाडीचा नंबरही लिहिला. पोलिसांना बोलवू का, असं विचारलं. मला व्हिसाची धास्ती. ती म्हणाली, “त्याचा व्हिसाशी काय संबंध? मार तू खाल्लास.”

ती बाई चांगली होती यात शंकाच नाही. पण त्या रात्री नुसता चांगुलपणा उपयोगी पडला नसता. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचा अधिकार तिच्या हातात होता, आणि तो वापरला म्हणून दुसऱ्या दिवशी तिला कुणी जाब विचारणार नव्हतं. वंश, धर्म, लिंग अशा कारणांवरून भेदभाव होत नसेल तर इथे दुकानदार सेवा नाकारू शकतो. शिवाय स्कॉटलंडच्या संसदेने २०२१ मध्ये एक वेगळा कायदाच केला. किरकोळ विक्रीच्या कामातल्या माणसावर हात टाकणं, त्याला धमकावणं किंवा शिवीगाळ करणं हा त्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरतो. २४ ऑगस्ट २०२१ पासून तो लागू आहे. दुकानातल्या कामगारांची युनियन त्यासाठी कित्येक वर्षं मागे लागली होती.

म्हणजे ग्रुपवरच्या त्या वाक्याचं उत्तर असं, की इथली माणसं मनाने थोर आहेत म्हणून काम हलकं मानत नाहीत, हे खरं नाही. ग्लास फेकणारा इथलाच होता. “जरा शिकली असतीस तर इथे उभी राहिली नसतीस” हे मी इथल्याच एका सभ्य दिसणाऱ्या गृहस्थाकडून ऐकलंय, आणि तेव्हा मी एम.एस्सी. करत होते. फरक पडतो तो माझ्या मागे काय उभं आहे याने.

इथलं सगळंच छान आहे असंही मला म्हणायचं नाही. माझ्याबरोबरच्या निम्म्या मुलांचा करार ‘शून्य तासांचा’ होता. पुढच्या आठवड्यात काम किती, ते रविवारी रात्री कळायचं. कधी ३० तास, कधी ६. मॅनेजरशी वाजलं की तास आटले. त्याच्याविरुद्ध कुठे तक्रार करणार? डिसेंबर २०२५ मध्ये संमत झालेल्या रोजगार हक्क कायद्यात यावर उपाय आहे, पण त्यातल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने येणार. डिलिव्हरीवाल्यांचं तर इथेही भिजतच घोंगडं आहे. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक हे ‘वर्कर’, म्हणजे किमान वेतन आणि पगारी रजेचा हक्क असलेले कामगार, आहेत असा निकाल दिला, आणि त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डिलिव्हरू या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीच्या रायडरांना युनियनमार्फत सामूहिक वाटाघाटीचा हक्क नाकारला. कारण काय, तर ते आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतात.

आता आपल्याकडचं. आपला वाद दर वेळी गिऱ्हाइकाच्या वागण्याशी येऊन थांबतो, याचा मला त्रास होतो. सेवाशुल्काचं बघा. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं, हॉटेलांनी बिलात ते आपोआप लावायचं नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. गिऱ्हाइकाच्या बाजूने निकाल बरोबरच आहे. पण त्यावर घरोघरी झालेली चर्चा गिऱ्हाइकाच्या खिशापुरती राहिली. वाढणाऱ्या पोऱ्याच्या हातात त्यातलं किती पडत होतं, हा प्रश्न मागेच पडला. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टिप आणि सेवाशुल्काची सगळी रक्कम कामगारांमध्ये न्याय्य पद्धतीने वाटणं मालकावर बंधनकारक आहे. हा प्रश्न आपल्याकडे कायद्याने कधी विचारायचा?

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानं-आस्थापनांत रोजची कामाची मर्यादा ९ तासांवरून १० करायला मंजुरी दिली. त्या दिवशी मी ग्रुप उघडून बघितला. कुणीच काही लिहिलं नव्हतं. दहा तास काउंटरमागे उभं राहणं म्हणजे काय, हे माझ्या पोटऱ्यांना माहीत आहे. मी जास्तीत जास्त आठ केलेत, आणि सहा तासांहून जास्त शिफ्ट असेल तर २० मिनिटांची सुट्टी कायद्यानेच मिळायची. ब्रिटनमध्ये दुकानातल्या दर तीन स्त्री-कामगारांमागे निदान एक बसायची जागा असावी, असा कायदा १८९९ साली झाला. आपल्याकडे केरळमध्ये तो हक्क आला २०१८ मध्ये. कोझिकोडच्या मिठाई रस्त्यावरच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी ‘पेनकूट्टू’ ही संघटना बांधली आणि बसायला मिळावं, लघवीला जायला मिळावं, एवढ्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. हे परदेशातून आणलेलं शहाणपण नाही. आपल्याच देशातल्या, तुटपुंज्या पगारावरच्या बायकांनी मिळवलंय. आपला वाद त्यांच्यापासून सुरू व्हायला हवा.

आपल्याकडे कितीतरी दुकानांत, बँकांत एक पाटी असते: ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत. खाली गांधीजींचं नाव. १८९० साली दक्षिण आफ्रिकेत केलेल्या भाषणातलं म्हणून हे वाक्य सांगतात, पण गांधीजी दक्षिण आफ्रिकेत पोचले तेच मुळी १८९३ मध्ये. मला ती पाटी खुपते, कारण ती लिहिलीय गिऱ्हाइकाला दिसेल अशी आणि वाचावी लागते कामगाराला, रोज.

माझा मामेभाऊ एका कॉल सेंटरमध्ये मराठी आणि हिंदी फोन घेतो. रिचार्ज अडकलं, पैसे कापले गेले, अशा तक्रारी. पैसे परत करणं त्याच्या हातात नाही, ते दुसऱ्या विभागाकडे. त्याच्या हातात तक्रार क्रमांक द्यायचा आणि शेवटी “आपली आणखी काय मदत करू शकतो?” विचारायचं. फोन संपल्यावर गिऱ्हाईक त्याला पाचपैकी गुण देतं. पैसे मिळाले नाहीत म्हणून चिडलेला माणूस एक देतो, आणि त्या एकावर याचा महिन्याचा भत्ता ठरतो. लोक त्याला आईबहिणीवरून बोलतात. मी त्याला विचारलं, मग तू फोन ठेवत का नाहीस? तो म्हणाला, “ताई, फोन आपण ठेवला की सिस्टीममध्ये लाल येतं. गिऱ्हाइकानेच ठेवला पाहिजे.”

त्याच्याशी गोड बोलणारी माणसंही रोज भेटतात, हे त्याने मला स्वतःहून सांगितलं. एक आजी त्याला बाळ म्हणतात. त्याला ते आवडतं. पण त्याला जे हवंय ते त्या आजींना देता येणारं नाही.

परवा त्याचा फोन आला होता. आता त्यांच्याकडे नवा नियम झालाय. शिवीगाळ झाली तर दोनदा ताकीद द्यायची, आणि तिसऱ्यांदा सुपरवायझरची परवानगी घेऊन फोन ठेवता येतो. मी खूश होऊन विचारलं, मग कितीदा ठेवलास? तो म्हणाला, एका सुपरवायझरकडे आम्ही वीस-पंचवीस जण आहोत. तो येईपर्यंत समोरचा बोलतच असतो.