वहीला हात लावू नका

आमच्या घरात आजमितीला दोन कपाटं ओसंडतील इतक्या वह्या आहेत, आणि दुधाचा हिशेब वीजबिलाच्या पाठीवर लिहिला जातो. कारण या वह्या लिहायच्या नाहीत. हात धुऊन, पुसून, वाळवून मग हातात घ्यायच्या, शिवण बघायची, कागदाचा वास घ्यायचा, "अरे वा" म्हणायचं आणि होत्या तशा ठेवायच्या. मध्यंतरी गॅसवाल्याचा फोन आला तेव्हा नंबर टिपायला मी हाताशी होती ती वही ओढली, तर लेक आतून अशी धावत आली की मला वाटलं दूध उतू गेलं. "आई! हॅन्डमेड कागद आहे तो! त्यावर बॉलपेन?"

लेक डिझाइन शिकते. हे नाशकात कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे फॅशन का?" नाही म्हटलं की, "मग इंटिरिअर?" तेही नाही म्हटलं की समोरचा विषय बदलतो आणि पाऊसपाण्याचं विचारतो. मजल्यावरच्या काकूंना मी एकदा बसवून सगळं समजावलं. ती पुस्तकं बनवते हो, कागदाच्या घडीपासून शिवणीपर्यंत सगळं हातानं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नातवाची पाठ्यपुस्तकं कव्हरं घालायला पाठवून दिली. लेबलांसकट.

पहिल्या सेमिस्टरपर्यंत मला वाटायचं, शिवणकाम आहे, करू दे, पुढेमागे फॉलबिडिंग तरी जमेल. मग खळ आली. फेविकॉलनं कागद कडक होतो म्हणे, त्यापेक्षा जुन्या पद्धतीची मैद्याची खळ बरी. मैदा पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. पोहे करायला सांगितले तर हिला सबमिशन आठवतं, पण खळीपाशी ही अर्धा तास हलली नाही. वास छान सुटला होता. बाबा ऑफिसातून आले, झाकण उघडलं, "अरे वा, खीर?" म्हणून चमचा घातलाच होता, तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, त्यात मोरचूद आहे." बाइंडिंगच्या खळीत मोरचूद घालतात, म्हणजे पुस्तकाला कसर आणि झुरळं लागत नाहीत. नवरे पण लागत नाहीत हे तेव्हा कळलं. माझं ते जाड बुडाचं पातेलं त्या दिवसापासून कलाक्षेत्रात गेलं ते गेलंच. ओटा तर हल्ली सिंहस्थासारखा बारा वर्षांतून एकदा मोकळा व्हायचा.

खळ लावली की पुठ्ठा वाकतो. यामागे शास्त्र आहे आणि ते मला जेवताना, धुणं वाळत घालताना आणि एकदा डेंटिस्टच्या खुर्चीत बसायच्या आधी ऐकवण्यात आलेलं आहे. मशिनवर बनलेल्या कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपलेले असतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. त्यामुळे कागद एकाच बाजूनं पसरतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून घेतो. म्हणून आतल्या बाजूनंही कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते, आणि वर वजन ठेवायचं. यातला वजनाचा भाग माझ्या वाट्याचा. पाटा, वरवंटा, गव्हाचा डबा, बाबांचे डंबेल्स (जे विकत घेतल्यापासून पहिल्यांदाच उपयोगी पडले), हे सगळं रात्री दिवाणाखाली जातं. जुलैत नाशकाच्या पावसात काही वाळत नाही. आठवडाभर चटणी मिक्सरवर आणि पोळ्यांना कणीक शेजारून.

अप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, दुखणं निराळं. ते नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. ती प्रेस १९२८ची आणि शेजारची सिक्युरिटी प्रेस १९२५ची, हे आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी कळतं. उभा जन्म मोजलेल्या कागदात गेल्यामुळे अप्पांच्या लेखी कागद आधी मोजायचा, मग त्याचं काय ते. ताव, दस्ता, रीम. चोवीस तावांचा दस्ता. लेकीच्या टेबलाखालचे बोळे ते रोज सकाळी उलगडतात, मांडीवर सपाट करतात आणि जाहीर करतात, "काल पाऊण दस्ता गेला." लेक म्हणते, "अप्पा, ती प्रोसेस आहे." अप्पा म्हणतात, "आमच्याकडे प्रोसेसमध्ये एक ताव कमी भरला तर सगळे थांबून राहायचे."

त्यात हिच्या सरांनी एकदा सांगितलं की पुस्तक फार फिनिश्ड वाटतंय, कडा रॉ हव्यात. मग रात्री बारा वाजता स्टीलची पट्टी लावून, ओल्या ब्रशानं रेघ मारून, चांगले तीनशे जीएसएमचे, म्हणजे जाडजूड, कोरे ताव ही कडेनं फाडत बसली. अप्पा पाणी प्यायला उठले होते. दारात उभं राहून त्यांनी ते पाहिलं आणि पाणी न पिताच परत गेले.

खरेदीचं सांगायचं तर रविवार कारंज्यापासून शालिमारपर्यंत असं स्टेशनरीचं दुकान नाही जिथला माणूस हिला बघून आत निघून जात नाही. एक ताव घ्यायला ती चाळीस ताव उजेडाला धरून बघते. सार्वजनिक वाचनालयात गेली, १८४० सालापासूनचं वाचनालय, आयुष्य पुरणार नाही इतकी पुस्तकं. तिथे हिनं काय मागावं, तर "शिवण दिसेल असं एखादं जुनं." विषय? कुठलाही. वेरूळला सहलीला गेलो तर आम्ही कैलास लेण्यासमोर फोटो काढतोय आणि हिचा एकच धोशा, कागजीपुऱ्याला गाडी थांबवा. खुलताबादजवळचं हे गाव, पिढ्यान् पिढ्या हातकागद करणारं. येताना डिकीत कागद, म्हणून बॅगा आमच्या मांडीवर. ताव घडी घालायचे नाहीत आणि गुंडाळायचेही नाहीत, हे मला चांदवड येईपर्यंत पाठ झालं होतं.

एक मात्र मान्य करायला हवं. ओटीचे ब्लाऊजपीस. प्रत्येक घरात त्यांचा एक गठ्ठा असतो. तो कुणी शिवत नाही, फक्त पुढे सरकवतं. आमच्याकडून नणंदेकडे, नणंदेकडून तिच्या जावेकडे, आणि मुंजीत परत आमच्याकडे. त्या पिसांचं अवतारकार्य हिच्या हातून संपलं. पाठीमागून कागद चिकटवून तिनं ते सगळे पुठ्ठ्यांवर चढवले आणि खरंच सांगते, देखणे दिसले. चैत्रात हळदीकुंकवाला माझ्याकडे द्यायला एकही पीस उरला नव्हता. वह्या द्याव्यात म्हटलं तर, "आई, तो पोर्टफोलिओ आहे."

शिवतानाही ती बघण्यासारखी असते. चार कागद एकत्र घडी केले की एक फर्मा. टोच्यानं घडीत भोकं पाडायची, दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा आणि सुई आतबाहेर करत फर्म्याला फर्मा जोडत जायचं. दोरा वर ओढायचा नाही, घडीच्या रेषेत ओढायचा, नाहीतर कागद चिरतो. हे करताना तिची जीभ दातांत असते आणि फोन चक्क दुसऱ्या खोलीत. जपानी पद्धतीची चार भोकांची शिवण तिला आवडते, पण ती वही पूर्ण उघडत नाही. कॉप्टिक म्हणून इजिप्तमधली फार जुनी पद्धत आहे, तिच्यात पाठीला पुठ्ठाच नसतो, साखळीची शिवण उघडी दिसते आणि वही टेबलावर सपाट पसरते. यातलं दुसरं वाक्य अप्पांनी लक्षात ठेवलं.

अप्पा रोज सकाळी रामनाम लिहितात, लाल शाईनं. काळाराम मंदिरापाशी मिळणाऱ्या चौकटींच्या वह्यांवर त्यांचा राग असा की त्या मिटतात. एका हातानं दाबून धरावं लागतं, आणि अप्पांच्या डाव्या हाताला कंप आहे. एके दिवशी लेक कॉलेजातून आली तर तिच्या सगळ्यात चांगल्या कॉप्टिक वहीची पहिली आठ पानं भरलेली. ओळीनं बारा, पानाला वीस ओळी, एक काना इकडचा तिकडे नाही. ती मटकन खालीच बसली. तिच्या तोंडून शब्द फुटेना. अप्पा म्हणाले, "चांगली आहे गं. धरावी लागत नाही."

रडारड झाली, फोनाफोनी झाली, फोटो सरांकडे गेले. सरांचं उत्तर आलं की हेच तर हवंय, वापरातली वही आणा, सोमवारी जूरीला, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांना, निदान अर्धी भरलेली दिसू द्या.

"अप्पा, सोमवारपर्यंत अर्धी भराल ना?"

"जप आहे तो. ओव्हरटाइम नाही."

बऱ्याच वाटाघाटींनंतर घरच्यांची मदत घ्यायला अप्पा तयार झाले, अटींवर. आंघोळ करून बसायचं, शाई लाल, बोलायचं नाही. त्यामुळे शनिवारपासून मी कुकरच्या शिट्ट्यांच्या मधल्या वेळात रामनाम लिहितेय, बाबा मॅच म्यूट करून लिहितायत, आणि भरलेलं प्रत्येक पान चष्मा पुसून अप्पा मोजतात, मग कोपऱ्यात बारीक सही करतात. काल रात्री बाबांच्या एका ओळीत अकराच निघाले.

"राहू दे ना अप्पा," लेक म्हणाली, "तेच किती ह्यूमन वाटतंय."

"प्रेसमध्ये असतं तर बाद," अप्पा म्हणाले आणि ते पान वेगळं लिहायला सांगितलं. पान शिवलेलं आहे, काढता येत नाही, हे लेकीनं तीनदा समजावलं. शेवटी त्याच ओळीत समासात एक जास्तीचं नाव लिहायचं ठरलं, आणि त्यासाठी बाबांना रात्री साडेअकराला परत आंघोळीला पाठवलं.