दुकान उघडं, पेटी बंद

जर्मनीतून भारतातल्या मित्रांशी बोलताना एक वाक्य हमखास येतं: "तुमच्याकडे बरं आहे बाबा, कायदा आहे." विषय असतो अंध संगीतकारांना रेकॉर्डिंग-मिक्सिंगची सॉफ्टवेअर वापरता येण्याचा. डिजिटल सुविधा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ला म्हटलं, तेव्हापासून वादाला भलताच जोर आलाय. एक गट म्हणतो, आता कंपन्यांना कोर्टात खेचा. दुसरा म्हणतो, कलावंताला कान पुरेत, हे यंत्रांचं खूळ कशाला? मी स्वतः अंध, जर्मनीत मिक्सिंग करून पोट भरतो, त्यामुळे साक्षीला दोघांनाही मीच हवा असतो.

तर साक्ष. युरोपचा सुलभता कायदा २८ जून २०२५पासून लागू झाला. त्यात संगणक, फोन, ई-पुस्तकं, बँका, ऑनलाइन विक्री आहे. संगीताच्या सॉफ्टवेअरचं नाव नाही. म्हणजे दुकानाचं संकेतस्थळ माझ्या स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) वाचायला हवं, पण पैसे मोजून घेतलेलं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं, आवाज घडवणारं छोटं सॉफ्टवेअर) घरी आल्यावर मुकं निघालं, तर तो माझा प्रश्न.

आणि ती बहुतेकदा मुकीच निघतात. बनवणारे नॉब आणि बटणं चित्रासारखी रंगवतात. डोळस माणसाला जुन्या स्टुडिओतलं यंत्र समोर आल्यासारखं वाटतं, माउसने नॉब फिरवला की झालं. पण हा नॉब आहे, त्याचं नाव अमुक, तो इतक्यावर आहे, हे ऑपरेटिंग सिस्टिमला कुणी सांगितलेलंच नसतं. स्क्रीन रीडर बिचारा विंडोचं नाव वाचतो आणि गप्प बसतो. चीड येते ती याची, की ही माहिती प्लगइनकडे असतेच! ऑटोमेशनसाठी, म्हणजे गाणं चालू असताना नॉब आपोआप हलावेत म्हणून, प्रत्येक पॅरामीटरचं नाव आणि आकडा ते मुख्य सॉफ्टवेअरला देतच असतं. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी केलेलं ओसारा नावाचं जोड-सॉफ्टवेअर ती तिथूनच उचलतं आणि माझ्यासमोर यादी मांडतं. आवाजाचे चढउतार आवरणाऱ्या कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड, म्हणजे तो कुठल्या पातळीपासून आवरणार ती खूण, मी कीबोर्डवरून हलवतो तो असा. एका कानात गाणं, दुसऱ्यात बडबड, पण काम होतं.

ओसारा कुठल्या कायद्याने जन्माला घातलेलं नाही. ते सुरू केलं जेम्स टेह यांनी. हे ऑस्ट्रेलियातले अंध प्रोग्रॅमर. मायकल करन यांनी २००६मध्ये सुरू केलेल्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या घडणीतही ते होते. इकडे बर्लिनमध्ये तयार होणारं एबलटन लाइव्ह हे संगीताचं सॉफ्टवेअर २००१मध्ये आलं आणि स्क्रीन रीडरशी बोलायला लागलं ते २०२४मध्ये, बाराव्या आवृत्तीत. तेवीस वर्षं! आणि तेही कायदा लागू होण्याच्या आधी.

"कान पुरेत"वाल्यांशी मात्र मला जास्त भांडायचंय. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचे. १८२९मध्ये त्यांनी ठिपक्यांची पद्धत छापली, ती शब्दांबरोबर संगीत लिहिण्यासाठीही होती. ज्यांनी आम्हाला अक्षरं दिली, त्यांनाच कान पुरेसे वाटले नव्हते. "देवाने डोळे नेले, पण सूर दिला" म्हणणाऱ्यांच्या मनात अंध माणूस फक्त गातो. आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरवर बोट दुसऱ्याचंच असतं.

गेल्या महिन्यात माझ्या आवडत्या ईक्यूच्या (आवाजातला खर्ज-तार कमी-जास्त करणाऱ्या प्लगइनच्या) नव्या आवृत्तीत बावीस नॉबची नावं गायब झाली. उरलं काय, तर 'पॅरामीटर एक', 'पॅरामीटर दोन'. बनवणाऱ्याला पत्र लिहिलं, बावीसच्या बावीस नॉब नावानिशी. उत्तर आलं की अंध लोक आमचं ईक्यू वापरतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी मित्रांना म्हटलं, खटला चालेल तेव्हा चालेल, आज या माणसाला एकेक पत्र टाका. दोघांनी टाकलं. तिसरा अजून वकील शोधतोय.